गटात नाव नाही

मोटर तुमची, पाणी तुमचं. मग मोटर कधी सुरू व्हायची हे ठरवणाऱ्या डब्याला हात लावायला दुसऱ्याची परवानगी का लागावी?

मी रहिमतपूरची. वडील पाणी-चळवळीची पत्रकं लिहायचे आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. माझे मामा आष्ट्याजवळच्या एका उपसा सिंचन संस्थेत पंपचालक. वीज आल्यावर मोटर किती मिनिटं थांबून सुरू व्हावी, एवढा एक आकडा बदलायला त्यांना गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या विक्रेत्याच्या माणसाची दोन दिवस वाट बघावी लागली. डबा सीलबंद, प्रोग्राम कुलूपबंद. ऊस वाळत होता आणि शिव्या मामांना.

यंदा डबा बदलायचा होता आणि विक्रेता पुन्हा तसलाच आणणार होता. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिपा, हा माझा छंद. म्हटलं, मी बनवते. माझा लॅपटॉप विंडोजवर नाही, लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतो, म्हणून साधनं निवडण्यातच आठवडा गेला. एक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेना. दुसरं देखणं होतं, पण कंपनीकडे खातं उघडल्याशिवाय कोड साठवू देईना. शेवटी साधा एडिटर, कोडचा प्रोग्राम करणारा मुक्त कम्पायलर आणि डब्यातल्या बोर्डात तो प्रोग्राम चढवणारी एका ओळीची आज्ञा, एवढंच ठेवलं. हे मामांनाही फुकट मिळणार होतं, कायमचं.

संस्थेच्या बैठकीत मी डबा दाखवायचा होता; विक्रेताही आला होता. सचिव म्हणाले, "पोरी, भाषण नको. आमच्या म्होरं पाचाची सात मिन्टं करून दाव. जमलं तर तुजा डबा, न्हाईतर सांगलीचा."

मोटरीच्या जागी बल्ब लावला होता. मी लॅपटॉपमधून डब्याला केबल जोडली, आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं, परवानगी नाही.

केबल बदलली. तेच.

"फुकटचं असंच असतंय," विक्रेता म्हणाला. मामा खाली बघत होते.

मग उमगलं. आदल्या दिवशी मी लिनक्स नव्याने बसवलं होतं. त्यात बोर्डाच्या पोर्टला हात लावायचा तर एका ठरावीक गटात तुमचं नाव लागतं. माझं घालायचं राहिलं होतं. संगणकाच्या प्रशासकाचा अधिकार वापरून तो नियम डावलता आला असता, अर्ध्या मिनिटात. बोटं तिकडे गेलीही. पण अडलं की सगळे अधिकार वापरून रेटायचं, हे मी मामांना शिकवणार होते का?

"काय झालं गं?" मामांनी विचारलं.

"गटात माझं नाव नाही."

"म्हंजे सभासद न्हाईस व्हय?" लष्करातून निवृत्त झालेले एक संचालक म्हणाले. "मग कर की ठराव."

खोली हसली. मी नाव घातलं. ते लागू व्हायला लॉग आउट करून पुन्हा आत यावं लागतं. तेवढा वेळ मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. आज्ञा दिली. प्रोग्राम चढला. मामांनी वीज दिली आणि सगळे बल्बकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, बल्ब बंदच. सहा झाली. बरोबर सातव्याला तो लागला.

सचिव काही हसले नाहीत. "आन् तू लगीन करून गेलीस तर? कोण बदलणार?"

मामा उठले. "माजं नाव घाला त्या गटात. शिकतो मी."

त्याच दुपारी संस्थेच्या संगणकावर मी लिनक्स बसवलं आणि गटात त्यांचं नाव घातलं. या उन्हाळ्यात त्यांनी तो आकडा दोनदा बदलला, मला न विचारता.

तुमच्या पंपावर, दूध केंद्रावर असा बंद डबा असेल, तर येत्या सभेत उभे राहा आणि लेखी अर्ज देऊन त्याचा प्रोग्राम मागा. नकार मिळाला, तर तोही लेखीच घ्या.