ॲन्सेल्मचं धार्मिक पोट

वटारच्या ॲन्सेल्मच्या घरात भिंतीवर सात फोटो होते आणि त्यांतल्या सहांत ॲन्सेल्म नव्हता. थोरल्या हिलरीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत त्याची बायको क्लेमेंटीन होती, बाळ होतं, फादर होते, आणि बापाच्या जागी शेजारचा फ्रेडरिक उभा होता, तोही जरा संकोचून. धाकट्या सुझानच्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोत पुन्हा फ्रेडरिक, आता सरावलेला. सातवा फोटो ॲन्सेल्मच्या स्वतःच्या लग्नाचा. तिथे नसून भागणार नव्हतं. त्यात तो होता, पण त्याचा एक पाय चर्चच्या पायरीवरून खाली उतरलेला होता.

कारण गावाला ठाऊक होतं. ॲन्सेल्मला पोट होतं. पोट सगळ्यांनाच असतं, पण सगळ्यांचं पोट त्यांच्याबरोबर जातं. ॲन्सेल्म मात्र पोटाबरोबर जायचा. कुणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी मागचं दार बघायचा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, कायम शेवटच्या बाकावर, दाराच्या कडेला. पोटात आधी गुडगुड, मग कळ, मग घाम, मग ॲन्सेल्म नाही. वाडीत मात्र तो राजा. राजेळी केळीचे खांब दाट, आडोसा भरपूर, घाई कसली नाही. केळीचा लोंगर खांद्यावर घेऊन चालताना बघितला तर या माणसाला काही दुखणं आहे हे कुणी मानलं नसतं.

फर्डिनंड डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या. डॉक्टरांना प्रत्येक वाक्याआधी खोल श्वास घ्यायची सवय.

"हंऽ... ॲन्सेल्म, काही नाही."

"काही नाही कसं, डॉक्टर? सकाळपासून पाच वेळा..."

"हंऽ... आतड्याला रोग नाही. जखम नाही, जंत नाही. आतडं चिडकं आहे तुझं."

"कुणावर?" ॲन्सेल्मनं विचारलं.

डॉक्टरांनी आणखी एक खोल श्वास घेतला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग गावानं उपचार हातात घेतला. सालोमीमावशीनं सांगितलं, जायफळ उगाळून द्या, कोमट दुधातून. हिलरीनं मुंबईहून इसबगोलाचं खोकं आणलं; तेही रात्री दुधातून. फ्रेडरिकच्या बायकोचं म्हणणं, सुंठीसारखं काही नाही, दुधात उकळा. क्लेमेंटीननं सगळं मनापासून केलं. जास्त बिघडलं की ती म्हशीच्या दुधाचा मोठा पेला भरून पुढ्यात धरायची. "अहो, घ्या. पोटात काही राहत नाही तुमच्या, निदान ताकद तरी राहू दे." ॲन्सेल्म निमूट घ्यायचा. शिवाय त्याचा चहा वेगळा. वाडीतून आला की चहा, पाणी सोडून आला की चहा, कुणी आलं की चहा आणि कुणी आलं नाही म्हणूनही चहा. दूध जास्त, साखर जास्त, कपावर जाड साय.

एक चमत्कार मात्र दरवर्षी व्हायचा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, उपवासाच्या चाळीस दिवसांत, ॲन्सेल्मचं पोट अगदी गप्प बसायचं. आईला लहानपणी दिलेला शब्द तो पाळत आला होता: या दिवसांत मटण बंद, दारू बंद आणि चहा तर बंदच. या काळात तो मिस्साला मधल्या बाकापर्यंत यायचा. मग ईस्टरची सकाळ, घरभर आनंद, आणि दुपारी ॲन्सेल्म पुन्हा केळीत.

"पोट मोठं धार्मिक आहे तुमचं," क्लेमेंटीन म्हणायची. "आमच्यापेक्षा त्याचीच भक्ती जास्त."

ॲन्सेल्मला यात विनोद दिसत नव्हता. प्रायश्चित्ताचं फळ मिळतं, एवढाच त्याचा अर्थ तो लावायचा.

एक्क्याऐंशी साली सुझानचं लग्न ठरलं. मुलगा होळी गावचा, प्लासिड नावाचा, शाळेत शिकवणारा. फ्रेडरिक सहज कुंपणापाशी आला आणि त्यानं विचारलं, "मग, सूट इस्त्रीला टाकू का?"

तो थट्टाच करत होता, पण सुझान हसली नाही. घरात येऊन तिनं बापाला सरळ सांगितलं, "पप्पा, या वेळी फ्रेडरिकअंकल नाही. माझा हात धरून तुम्ही चालणार आणि पहिल्या बाकावर तुम्ही बसणार. पूर्ण मिस्सा."

पूर्ण मिस्सा म्हणजे सव्वा तास. पहिला बाक म्हणजे दारापासून सगळ्यांत लांब, आणि मागे तीनशे माणसं. ॲन्सेल्मनं रात्रभर विचार केला, सकाळी धुतलेला शर्ट घातला आणि फादरांकडे गेला.

"फादर, लग्न उपवासकाळात लावता येईल का?"

फादरांना बोटं मोजत बोलायची सवय. "असं बघ, ॲन्सेल्म. एक, उपवासकाळात आपण लग्नं लावत नाही. दोन, हे तुला ठाऊक आहे. तीन, घाईचं काही कारण आहे का?"

"कारण आहे. पण मुलीचं नाही, माझं आहे." आणि त्यानं सगळं सांगितलं.

फादरांची बोटं थांबली. हसू आवरायला त्यांना जरा वेळ लागला. "ईस्टरनंतरचा चौथा रविवार," ते म्हणाले. "देव काही चाळीसच दिवस जागा नसतो."

उपवासाचे आता दोनच आठवडे उरले होते. कुंपणापलीकडे नर्मदाकाकूंची पानवेलीची वाडी होती. त्यांचं माहेर भातशेतीच्या गावातलं, त्यामुळे लग्नाला चाळीस वर्षं होऊनही 'पाणी' त्यांच्या तोंडात 'पानी'च होतं. क्लेमेंटीन त्यांच्याकडे बडीशेप मागायला गेली आणि ओट्यावर बसून रडली.

"सगळं करून झालं, काकू. जायफळ झालं, सुंठ झाली, इसबगोल झालं."

"जायफळ चांगलं. सुंठ बी चांगली. कशातनं देतेस गो?"

"दुधातून."

"आनि सुंठ?"

"दुधातून. सगळंच दुधातून. साधं पाणी कशाला द्यायचं आजारी माणसाला?"

नर्मदाकाकूंनी सुपातली बडीशेप बाजूला सारली. "आनि ह्या चाळीस दिसांत?"

"ह्या दिवसांत पोटच दुखत नाही, मग औषध कशाला? चहाही सोडलेला अस..." क्लेमेंटीन मध्येच थांबली.

काकूंनी पुन्हा सूप ओढून घेतलं.

"नाही हो!" क्लेमेंटीन म्हणाली. "दुधानं कुणाचं बिघडतं का? तान्ही पोरं वाढतात त्याच्यावर. मटणानंच होत असणार."

"मंग मटन घाल आनि दूध ठेव. कोन जिंकतंय बघू."

ईस्टरला तसंच केलं. क्लेमेंटीननं डुकराचं मटण भरपूर मसाला घालून शिजवलं आणि नवऱ्याच्या ताटात मुद्दाम जास्त वाढलं. चहा मात्र कोरा, गवती चहाची पात घातलेला. सगळं घर जेवता जेवता ॲन्सेल्मकडे बघत होतं. "माझ्याकडे काय बघता? मी काय फटाका आहे?" तो म्हणाला. दुपार झाली. संध्याकाळ झाली. ॲन्सेल्म ओटीवर खुर्चीत बसलेलाच होता. क्लेमेंटीनला आनंद झाला आणि थोडा रागही आला. इतक्या वर्षांचे पेले तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले.

"मीच पाजत होते हो तुम्हाला," ती हळूच म्हणाली.

"प्रेमानं पाजत होतीस. म्हणून तर इतकी वर्षं जगलो," तो म्हणाला.

पण खरी परीक्षा पुढे होती. लग्नाचं आमंत्रण द्यायला आमच्याकडे घरोघर जावं लागतं, आणि आमंत्रणाच्या घरी चहा नको म्हणणं म्हणजे त्या घरालाच नको म्हणणं. पहिल्याच दिवशी होळी गावातल्या पहिल्या घरी ॲन्सेल्म म्हणाला, "मला कोरा चालेल."

घरधनीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का हो? आमच्या घरी दूध नाही वाटलं? व्याही होणार आणि कोरा पिऊन जाणार? लोक काय म्हणतील?"

ॲन्सेल्म भिडस्त माणूस. एक कप घेतला. दुसऱ्या घरी दुसरा घेतला; पहिला चालतो मग आमचाच का नाही, हा प्रश्न होता. चौथ्या घरी तर साय वेगळी काढून वरून घातली, मान म्हणून. परतीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या वालपापडीच्या मळ्यात ॲन्सेल्म सायकल टाकून धावला. क्लेमेंटीन रस्त्यावर पत्रिकांची पिशवी धरून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "चेन पडली" म्हणून सांगत राहिली. शंका उरली नाही.

पण आमंत्रणं अजून साठ घरांची बाकी होती. तेव्हा ॲन्सेल्मला सुचलं की गावात कुणी कुणाच्या दुखण्याला मान देत नाही, पण नवसाला देतो. खोटं नको म्हणून तो चर्चमध्ये जाऊन खरोखरच नवस बोलला, सुझानचं लग्न पार पडेपर्यंत दुधाचा थेंब नाही. दुसऱ्या दिवसापासून कमरेवर हात ठेवणाऱ्या बाया हात जोडू लागल्या. "नवस आहे? मग नको, नको, कोराच घ्या. लिंबू पिळू का?"

उरलेले दिवस नर्मदाकाकूंच्या हुकुमात गेले. सकाळी भाताची पेज, मीठ आणि चिमूटभर जिरं. दुपारी भात, मासळीचं पातळ कालवण आणि उकडलेलं कच्चं केळं. जेवणावर ताजं ताक. "दूध चिडवतं तुला, ताक न्हाय चिडवत," असं काकू म्हणत, आणि खरंच तसं झालं. रात्री ओव्याचं गरम पाणी. काकूंच्या भावानं चिंचोटीच्या रानातून कुड्याची साल आणली होती. तिचा काढा पहिल्यांदा प्याल्यावर ॲन्सेल्मचं तोंड इतकं वाकडं झालं की क्लेमेंटीन घाबरली. काकूंनी फर्डिनंड डॉक्टरांना विचारून यायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "हंऽ... थोडा घे, रोज नको. दूध सोडलंस ते मात्र कायमचं सोड." वर वेळेवर जेवायचं, आणि जेवताना काकू कुंपणावरून ओरडायच्या, "चाव, चाव! घास पळतोय का?"

तीन आठवडे पोट शहाण्यासारखं वागलं. आणि लग्नाला तीन दिवस असताना, दूध नाही, मसाला नाही, काही नाही, नुसता पहिला बाक डोळ्यांपुढे आला आणि ॲन्सेल्म केळीत पळाला. परत आला तो पांढराफटक.

"संपलं," तो ओटीवर बसून म्हणाला. "दुधाचं नव्हतंच ते. फ्रेडरिकला सांगा सूट काढायला."

सुझान शेजारी बसली. तिनं विचारलं, "पप्पा, नक्की केव्हा होतं हे?"

"उठता येणार नाही असं वाटलं की उठावं लागतं," तो म्हणाला. "वाडीत कधी होत नाही. तिथे कोण अडवतंय?"

सुझान उठली आणि चर्चची घंटा आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या सेबॅस्टियनकडे गेली. वेदीच्या डाव्या बाजूला, पहिल्या बाकापासून चार पावलांवर एक लहान दार होतं. ते कुणी उघडलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"ते? ते नाही उघडत," सेबॅस्टियन म्हणाला. त्याचं पहिलं उत्तर नेहमी नाहीच असायचं. "बिजागऱ्या गंजल्यात. होणार नाही. कशाला पाहिजे?"

"पप्पांसाठी."

"होणारच नाही," असं म्हणत तो खोबरेल तेलाची बाटली शोधायला गेला.

रविवारी बँड वाजला, घंटा झाली. ॲन्सेल्म सुझानचा हात धरून मधल्या वाटेनं चालला. तिच्यापेक्षा त्याचाच हात जास्त घामेजला होता. शेवटचा बाक मागे पडला, मधला बाक मागे पडला. पहिल्या बाकाशी आल्यावर त्याला गालावर वारा लागला. त्यानं मान वळवली. दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन होतं, नारळीचं एक झाड होतं, आणि पलीकडे आडोसा. दारात सेबॅस्टियन पाठमोरा उभा होता, जसं काही त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

सुझाननं हळूच त्याचा हात दाबला. "उठता येतं, पप्पा," ती म्हणाली आणि प्लासिडशेजारी जाऊन उभी राहिली.

वाचन झालं. फादरांनी बोटं मोजत प्रवचन दिलं: एक, दोन, तीन, आणि चौथंही निघालं. एकदा पोटात गुडगुडलं. ॲन्सेल्मनं दाराकडे बघितलं. दार तिथेच होतं. गुडगुड थोडा वेळ घुटमळली आणि गेली. अंगठ्या घालताना पुन्हा एकदा बघितलं. शेवटच्या गाण्यापर्यंत तो बसला, गुडघे टेकले, उभा राहिला, जसे बाकीचे तीनशे जण करत होते तसंच, आणि चार पावलांवरच्या त्या दाराची त्याला एकदाही गरज लागली नाही.

मागून फ्रेडरिक वाकून म्हणाला, "सूट फुकट गेला की रे माझा!"

आता भिंतीवर आठ फोटो आहेत. आठव्यात सुझान आहे, प्लासिड आहे, क्लेमेंटीन आहे, आणि मधोमध काळ्या सुटात ॲन्सेल्म, दोन्ही पाय पायरीवर. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. तो एकटा डावीकडे बघतोय, आणि हसतोय.