मी कापलेला प्रसंग

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथं मी नेहमी दुसरंच काहीतरी मागत उभी असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बहुधा जमेल.

कोल्हापुरात मला थोडेफार लोक ओळखतात ते एका कादंबरीमुळं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी सकाळी आमच्या फिल्म क्लबात बोलायचे. नवरा आणि लहान मुलगा सोडून दुसऱ्या माणसाबरोबर जाणाऱ्या बाईची ती जाडजूड रशियन कादंबरी — ती माझी खास. तिच्यावरचे सिनेमे मी एकामागून एक दाखवले. जुना काळा-पांढरा, रशियनांनी स्वतः काढलेला, इंग्रजांची लांबलचक मालिका. कुठल्या नटीला ती बाई कळली आणि कुठली नुसतीच दागिने घालून फिरली, यावर मी तासभर बोलायचे. अजूनही बोलते. थांबवणार कोण?

त्यातला एक प्रसंग मला फार लागतो. मुलाला सांगितलेलं असतं की तुझी आई मेली. आणि त्याच्या वाढदिवसाला ती चोरासारखी, आपल्याच घरात शिरते — नुसतं त्याला बघायला. एका सिनेमावाल्यानं तो प्रसंग सरळ कापून टाकला होता. मी पेटले. इथल्या दैनिकात लेख लिहिला — हा प्रसंग कापणाऱ्याला आई म्हणजे काय ते ठाऊकच नाही, वगैरे. लोकांनी फोन करून कौतुक केलं. आणि त्याच आठवड्यात — सांगते. एवढ्या वर्षांत तोंडातून निघालं नाही ते असं सरळ थोडंच निघणार?

सुजाता माझी जाऊ. गडहिंग्लजच्या धाकट्या दिराची बायको. दिराचं बाजारात दुकान, घर भरलेलं, आणि त्या भरल्या घरात ती एकटी. दीर मारायचा नाही, प्यायचा नाही. बोलायचाच नाही. ती वाचणारी होती. कादंबरी तिला मीच दिली. परत देताना म्हणाली, "अक्का, हिला त्या पोराबिगार झोप तरी लागत असंल काय?" आणि वर्षभरात स्वतःच गेली — बदलीवर आलेल्या एका इंजिनियरबरोबर, पुण्याला. नऊ वर्षांचा चिन्मय मागं राहिला.

घरात ठरलं, तिचं नाव काढायचं नाही. चिन्मयला शिकायला कोल्हापूरला, मंगळवार पेठेत आमच्याकडं ठेवला. तो मला दोड्डव्वा म्हणायचा. सीमेकडच्या आमच्या घरांत थोरल्या काकूला तसं म्हणतात — मोठी आई. मला मूल नाही. हे सांगितलं की लोक चटकन माफ करून टाकतात, म्हणून लिहायचं नव्हतं. पण न लिहून कसं चालेल?

चिन्मयच्या वाढदिवसाच्या आधी सुजाताचा फोन आला. "अक्का, पाच मिनटं. नुसतं बघतो आणि जातो. तुला कळंल म्हणून तुलाच सांगालोय." मी हो म्हणाले. अगदी मनापासून हो म्हणाले. नवरा बाहेर पडला की ये, म्हटलं. लेखाचं कौतुक ताजं होतं. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटून गेलं.

त्या सकाळी चिन्मयला तेल लावून अंघोळीला पाठवलं. आतून ओरडला, "आई, टॉवेल दे की!" त्याला चूक कळलीसुद्धा नाही. मला कळली. टॉवेल दिला आणि तिथंच दाराशी उभी राहिले — इतकं सुख मला आयुष्यात कशानंच दिलं नव्हतं. थोड्या वेळानं बेल वाजली.

दारात सुजाता. एसटीत चुरगळलेली साडी, हातात फुटबॉलच्या बुटांचा खोका. पेठेतली पोरं फुटबॉलवेडी. हा काय मागत असेल ते तिनं लांबून ओळखलं होतं. आत चिन्मय पाटावर बसून औक्षणाची वाट बघत होता. ती येणार हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. अचानक आनंद द्यायचा होता ना!

आणि मी हळूच म्हणाले, "त्यो न्हाई म्हणतोय, सुजाता. तुला बघायचंच न्हाई म्हणतोय. रडालाय आत."

खोटं. पूर्ण खोटं. ठरवलं नव्हतं — पण पाठ केल्यासारखं आलं. वाटलं, ही भांडेल, मला ढकलून आत शिरेल. शिरली असती तर! ती एवढंच म्हणाली, "व्हय, बरोबर हाय त्याचं." खोका माझ्या हातात दिला. जिन्यात जराशी थांबली, मग उतरून गेली. मी दार लावलं.

बूट मी माझ्या नावानं दिले. हो, तेही. पायाला मोठे झाले. पोरगं वाढलं असेल म्हणून तिनं अंदाजानं घेतले होते. "दोड्डव्वा, तुला माझं माप बी म्हाईत न्हाई व्हय!" म्हणून तो हसला. मीही हसले.

संध्याकाळी त्यानं विचारलं, आईचा फोन आला काय. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. नंतर विचारणं सोडलं. तिनंही परत फोन केला नाही — कशाला करेल?

सासरच्यांना भ्याले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. कसली भीती? नवऱ्याला कळतं तर दोन दिवस धुसफुसला असता, एवढंच. मला तो पोरगा हवा होता. सगळा. वाटणी नको होती. आणि क्लबात तो प्रसंग आला की मी पडदा थांबवून आईच्या काळजाबद्दल बोलायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण कोरडी तरी कुठं होते? माझे डोळे दर वेळी भरून यायचे, आणि ते रडणं खरं असायचं. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

गेल्या वर्षी पुण्याहून त्या इंजिनियरचा फोन आला. सुजाता गेली. कादंबरीतल्या बाईसारखं आगगाडीखाली जीव देणंबिणं काही नाही — आजारानं, दवाखान्यात, झिजून. मुलानं माती द्यायला यावं, संध्याकाळपर्यंत थांबतो, म्हणाला.

चिन्मय आता नोकरीला लागलाय. सुट्टीचा दिवस होता, घरीच होता. गाडी दारात होती. मी त्याला निरोप सांगितला. तो म्हणाला, "कशाला जाऊ? एका बी वाढदिवसाला आली न्हाई ती. माझी आई हितं हाय." आणि मग, माझ्याकडं बघत — "का जाऊ, दोड्डव्वा?"

विचारलं त्यानं. मला विचारलं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नको जाऊस."