फाटकाशी वळलेला घोडेस्वार

रंगमंचावर मी उभी हयात मरण्यात घालवली. दोन-दोन पानी स्वगतं म्हणत मरायचो आणि वर वन्समोअर घ्यायचो. पण निरोप कसा घ्यावा, हे मला शिकवलं एका जुन्या हॉलिवूडपटातल्या घोडेस्वाराने.

आमच्या थिएटरात नाटक नसेल तेव्हा सिनेमे लागत; ते दाखवणाऱ्या ऑपरेटरचा तो जीव की प्राण सिनेमा. धुळीचं गाव, विहिरीसाठी झगडणारी एक विधवा आणि तिच्या बाजूने उभा राहिलेला थकलेला पिस्तूलवाला. शेवटी तो निघतो. ती ‘थांब’ म्हणत नाही. फाटकाशी तो वळून बघतो, टोपीला हात लावतो. बस! आम्ही नाटकवाल्यांनी तिथे छाती पिटून घेतली असती.

ऑपरेटर आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लग्नाआधी चोरून हाच सिनेमा बघायला आले होते. पुढे वितरक बुडाला आणि प्रिंट केबिनमध्येच राहिली. लग्नाच्या वाढदिवशी, सकाळच्या रिकाम्या थिएटरात, तो तिच्यासाठी शेवटचं रीळ लावी.

यंदा वहिनींना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

“भावजी, तो वळला की मला घरी न्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखा निघता निघता तासभर लावत नाही तो.”

पडद्यावर घोडा फाटकाशी आला आणि एकदम दूर माळावर दिसला.

“अहो, वळला नाही!” वहिनी कळवळल्या.

फिल्म तुटली की खराब झालेल्या फ्रेम कापून जोड मारावा लागतो. वहिनींच्या हट्टापायी ते वळणं ऑपरेटर पुन्हा पुन्हा दाखवी, म्हणून फिल्म नेमकी तिथेच तुटे. गेल्या वर्षी टोपीकडे जाणारा हात तरी उरला होता. आज सकाळी रीळ तपासताना तेवढंही तुटलं. त्याने जोड मारला होता, काहीतरी उरलं असेल या आशेवर. ती नजर त्यानेच कापून संपवली होती.

चालतं मशीन सोडून तो कधी खाली आला नव्हता. आज आला. रीळ संपून पडदा पांढरा झाला होता. त्या उजेडात तो पाय ओढत बाहेरच्या दारापर्यंत गेला आणि वळला.

“टोपी कुठाय?” वहिनींनी विचारलं.

त्याने टकलावर हात ठेवला. त्या हसल्या, हसता हसता त्यांना धाप लागली.

“झालं माझं,” त्या त्याला म्हणाल्या. “निघा आता.”

तो दारातून हलेना.