शिसपेन्सिल

"मेली म्हणू नका, बाई. झोपलीय."

बंद पडलेल्या बॅटरीवर तळहात ठेवून मामा हे म्हणायचे. ताप बघायला कपाळावर हात ठेवतात, तसा. मग दोन्ही टोकांना तार टेकवून ठिणगी पाडायचे आणि ती कितीही फिकी निघाली तरी मान डोलवायचे. "जीव हाय हिच्यात. ऱ्हाऊ द्या दोन दिवस माझ्यापाशी."

त्यांचं दुकान शहराच्या कडेला पडेगावात, आमच्या शाळेच्या फाटकासमोर होतं. पुढे दुकान, मागे राहायची एकच खोली आणि दोन्हींच्या मधे पत्र्याखाली एक चूल. शाळेतली पोरं त्यांना बॅटरीमामा म्हणत, म्हणून आम्ही शिक्षकही मामाच म्हणायचो. रिक्षावाले, ट्रॅक्टरवाले, इन्व्हर्टरवाले, सगळे तिथं यायचे. अशा दुकानासमोर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर तो घशात बसणारा वास तुम्हाला ठाऊक असेल. मला तो वर्गात फळ्यापाशीही यायचा. पुढे पुढे त्याची सवय झाली.

गिऱ्हाइकाशी मामा रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावं तसं बोलत. माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी त्यांनी इतक्या वेळा उठवली की शेवटी मीच तिला कंटाळले. "आता नवी घेते," म्हटलं तर त्यांचा चेहरा पडला. "एवढी वर्सं सोबत केली तिनं, बाई. टाकून देताय व्हय?" मग मी आणखी एक उन्हाळा उकाड्यात काढला.

घरात दोघंच. मामा आणि त्यांची लेक सुजाता. बायको सुजाता लहान असतानाच गेली होती. सकाळी तिची वेणी मामाच घालायचे, दुकानाच्या पायरीवर बसून, हात पुसायला कापड मांडीवर घेऊन. वेणी नेहमी डावीकडे कलायची. सुजाता रस्ता ओलांडून आत आली की रस्त्यापलीकडून "जय भीम, बाई" अशी हाक यायची. लेक माझ्या ताब्यात दिल्याची ती पावतीच होती.

सुजाता सातवीपर्यंत वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी होती. कविता एकदा ऐकली की पाठ. आणि चित्रं! वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं कावळे, बकऱ्या, एसटी स्टँडवरची माणसं. एकदा तिनं मला काढलं होतं, चष्मा नाकावर घसरलेला. मी रागावले आणि ते पान फाडून पर्समध्ये ठेवलं.

आठवीत ती बदलली. पहिल्यांदा पाठांतर गेलं. चार ओळी म्हणायची आणि पाचवीला माझ्याकडे बघत राहायची. मग चिडचिड सुरू झाली. शेजारच्या मुलीनं खोडरबर मागितलं म्हणून तिच्या हाताला नखं लावली. मी ओरडले तर बाक लोटून वर्गाबाहेर गेली आणि दहा मिनिटांनी स्वतःच येऊन रडत बसली. "मला काय होतंय ते कळंना, बाई," म्हणाली. पोट दुखतं म्हणायची, डबा तसाच परत न्यायची. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर एकच निदान होतं: वय. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ते केलं. मीही केलं.

मामांना बोलावलं तर ते दारातच उभे राहिले. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत, डाग पडतील म्हणून. "मायविना वाढलीय, बाई," एवढंच म्हणाले. मग जाता जाता: "घरी बी भांडी फेकती. मी काय बोलत नाय."

त्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासणारी डॉक्टर तरुण होती, पण कान देऊन ऐकणारी. सुजाताची माझ्याकडून सगळी हकीकत ऐकून तिनं रक्ताचा नमुना घेतला आणि बाहेरगावी पाठवला. काही दिवसांनी तिचा मला फोन आला. ती घाईत होती. "बाई, त्या मुलीच्या रक्तात शिसं खूप जास्त आहे. कुठून जातंय ते बघावं लागेल. वडिलांना आणि तिला लवकर पाठवा माझ्याकडे."

शिसं! मला क्षणात सगळं उलगडलं. सुजाता पेन्सिली चावायची. तिच्या एकेका पेन्सिलीच्या मागच्या टोकावर दातांची नक्षी असायची. शिसपेन्सिल. शब्दातच उत्तर होतं, आणि शब्द हा तर माझा विषय. मी तशीच रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि मामांना सांगितलं. त्यांच्या हातातली पक्कड खाली पडली.

"पेन्सिलीतलं शिसं? ते एवढं वंगाळ असतंय?"

"रक्तात गेलंय म्हणे. म्हणून डोकं चालत नाही, राग येतो. आधी पेन्सिली बंद करा."

"आजच करतो," मामा म्हणाले. मग हळूच: "बाई, तुमचे लई उपकार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पेन्सिली पिशवीत भरून माझ्याकडे आणून दिल्या. "तुमच्यापाशी ठेवा. घरात ठेवल्या तर शोधून काढंल." त्यांच्या मनगटावर चावल्याची खूण होती. मी विचारलं नाही. सुजाताला आम्ही पेन दिलं, पण पेननं तिला चित्र काढता येईना. खोडता येत नाही म्हणाली. चित्रं बंद झाली. डॉक्टरनं भेटायला बोलावलंय हेही मी मामांना सांगितलं होतं. पण कारण सापडलंच आहे, परीक्षा झाली की जाऊ, असं आमचं दोघांचं ठरलं. खरं तर माझंच ठरलं. ते फक्त व्हय म्हणाले.

परीक्षा झाली. सुजाताला धड पेपर लिहिता आले नव्हते. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, पुन्हा रक्त दिलं, आणि अहवाल आल्यावर पुन्हा गेलो. शिसं कमी व्हायचं सोडून वाढलं होतं.

"पेन्सिली तर कवाच बंद केल्या," मामा म्हणाले.

डॉक्टर गोंधळली. "पेन्सिली कशाला?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बाई, पेन्सिलीत शिसं नसतंच. नुसतं नाव आहे. आत ग्राफाइट असतं, त्यानं काही होत नाही." आणि मामांकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"बॅटऱ्या. जुन्या फोडायच्या, रांगा वितळवायचा, परत तार लावायच्या खुंट्या ओतायच्या."

"रांगा म्हणजे?"

"रांगा म्हंजी रांगाच," मामा म्हणाले. तेवढ्यात सुजातानं दप्तरातून कंपासपेटी काढली आणि आतलं बोटाएवढं राखाडी कासव टेबलावर ठेवलं. "हे बघा. रांग्याचं हाय. पप्पांनी माझ्या वाढदिवसाला केलं."

ते कासव मी कितीदा पाहिलं होतं. कढईत उरलेला रांगा मामा ओल्या मातीच्या साच्यात ओतायचे. वर्गात ती ते तास तास बोटांत फिरवायची आणि त्याच हातांनी डबा खायची. एक मलाही मिळालं होतं, वह्यांवर ठेवायला. मी सगळ्या वर्गाला दाखवून त्याचं कौतुक केलं होतं.

डॉक्टरनं कासव उचललं, टेबलावर घासलं. काळी रेघ उमटली. "मामा, हेच शिसं."

मामांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

मग डॉक्टरनं सावकाश समजावलं. पत्र्याखालच्या चुलीवर शिसं वितळवताना होणारा धूर, घरात बसणारी भुकटी, मामांचे कपडे, केस, हात. या वयात मेंदू अजून घडत असतो, म्हणाली. राग आवरणारा, लक्ष धरून ठेवणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, आणि शिसं नेमकं तिथं आड येतं. "पयल्यासारखी होईल का?" मामांनी विचारलं. "यापुढचं नुकसान थांबेल. झालंय ते किती भरून येईल, आत्ता नाही सांगता येत." मामांना स्वतःचं रक्तही तपासून घ्यायला सांगितलं. "माझं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

रांगा हा शब्द हिंदी वाटला, म्हणून घरी येऊन मी हिंदी शब्दकोश काढला. रांगा म्हणजे कथील, असं होतं. भंगाराच्या आणि बॅटरीच्या धंद्यात मात्र शिशालाच रांगा म्हणतात. बॅटरीत शिसं असतं हे मी शाळेत शिकलेही असेन. इतकी वर्षं मराठी शिकवून समोरच्या दुकानातला एक शब्द मला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. माझ्या त्या हुशारीत पोरीचे कितीतरी महिने गेले. याची लाज मला अजून वाटते. माझं कासव अजून घरात आहे, डब्यात बंद करून. ते टाकायचं कुठं हेच कळत नाही.

मामांनी त्याच आठवड्यात सुजाताला करमाडला आपल्या बहिणीकडे पाठवलं. स्वतः मागे राहिले. "मला दुसरं काय येतंय, बाई?" दर रविवारी ते तिला भेटायला जात. एका रविवारी मीही गेले.

करमाडला उतरल्यावर मामा तडक घरी गेले नाहीत. रस्त्याकडेच्या एका पंपावर थांबून साबण लावून पुन्हा आंघोळ केली. पिशवीतून इस्त्रीचे कपडे काढून घातले. नखं विटेच्या तुकड्यानं घासली. मग आम्ही निघालो.

सुजाता ओट्यावर वाट बघत होती. बापाला पाहून धावत आली. मामा दोन पावलं मागे सरकले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"लांबून, माय. लांबूनच."

ती जागीच थांबली. चेहरा लाल झाला. "कायम लांबूनच का? मी घाण हाय का?" असं ओरडून तिनं ओट्यावरचा पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आत्यानं खूप हाका मारल्या. मामा ओट्याच्या टोकाला हात काखेत धरून बसून राहिले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, डॉक्टर म्हणाल्यात ना, आंघोळ केली, कपडे बदलले की जवळ घ्यायला हरकत नाही. घ्या की तिला जवळ."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पेन्सिलीचं बी तुम्हीच सांगितलं व्हतं, बाई."

दार संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. मामांनी आणलेली केळी उंबऱ्यावर ठेवली आणि आम्ही निघालो.

त्यानंतर दोनेक महिन्यांतच त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. करमाडला फोन केला तर आत्या म्हणाली, कुठंतरी कामाला लागलाय, पोरीसाठी पैसे पाठवतो, येत मात्र नाही. सुजाता दहावीला दुसऱ्या खेपेला पास झाली. मला ते कळवायला तिनं स्वतः फोन केला, आणि शेवटी विचारलं, "पप्पा तिकडं आले का कधी?" मी नाही म्हटलं.

मला मामा दिसतात ते त्या रविवारी परतताना. एसटी भरलेली होती. माझ्यामागे एकच जागा रिकामी होती, एका बाईच्या शेजारी. तिच्या मांडीवर वर्षभराचं मूल होतं. आंघोळ केलेला, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस बघून ती आदरानं खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, "बसा की, मामा." मूलही त्यांच्याकडे बघून हसलं आणि हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," मामा म्हणाले. ते दरवाजापाशी जाऊन उभे राहिले, आणि शहर येईपर्यंत उभेच होते.