आभाराच्या पानावरची पारमिता

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गुणाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि त्यांची थोरली लेक पारमिता गणितात एम.एस्सी. होऊन बेळगावात कॉलेजात शिकवायला लागली. नोकरी कायमची नव्हती. कॉलेज उघडलं की दरसाल नव्यानं नेमणुकीचा आदेश यायचा, आणि तो येईपर्यंत ती वडगावातल्या भाड्याच्या खोलीत लोकांचे गणिताचे प्रबंध मांडून द्यायची. साध्या टायपिंगमध्ये सूत्रं विसकटतात, घातांक खाली घसरतो, अपूर्णांकाची रेघ आखूड पडते. पारमिता ते लेटेकमध्ये करायची. त्यात सूत्र कसं दिसावं हे संगणकाला आज्ञा लिहून सांगावं लागतं. काम किचकट, पण तिला त्याची गोडी होती.

माधवी तिची एम.एस्सी.पासूनची मैत्रीण. गुंजीच्या शेतकऱ्याची मुलगी. वसतिगृहात दोघी एका खोलीत राहिल्या, एकमेकींची दुखणी काढली. पुढं माधवीला सरकारी कॉलेजात कायमची नोकरी लागली, पिरनवाडीत तिनं घर बांधलं, तरी येणं-जाणं तुटलं नाही.

पुस्तकाची कल्पना माधवीचीच. पोरांना बदलाचा वेग मांडणारी अवकल समीकरणं पाठ होतात, पण ती कशासाठी सोडवायची हे कळत नाही, अशी तिची तक्रार होती. सिद्धांत मी लिहिते, संगणकावर समीकरणं सोडवायची प्रकरणं, आलेख आणि सगळी मांडणी तू कर, असं तिनं सांगितलं. दोघींची नावं शेजारी शेजारी येणार होती. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी माधवी स्कूटरवरून वडगावला यायची. शेजारच्या घरातले माग खडखडत असायचे, त्यामुळं दोघी मोठ्यानं बोलत बसायच्या.

त्या पुस्तकातलं सगळ्यात देखणं उदाहरण गुणाबाईंमुळं सुचलं. माधवी एकदा निपाणीला जेवायला आली होती. भाकऱ्या थापता थापता गुणाबाई सहज म्हणाल्या की तंबाखूचं पान पहिल्यांदा झरझर सुकतं, मग सुकायचं नावच घेत नाही, आणि हवा ओली असली की सुकलेलं पान उलट मऊ पडतं. पारमिताचा घास हातातच राहिला. पानातला ओलावा हवेपेक्षा जितका जास्त तितका सुकण्याचा वेग जास्त. आई समीकरणच सांगत होती. हवा दिवसभर एकसारखी असली तर ते कागदावर सुटतं. पण सकाळची हवा वेगळी, दुपारची वेगळी. मग संगणकाला थोडं थोडं पुढं सरकत उत्तर काढावं लागतं. त्याचा आलेख पारमितानं कितीदा तरी काढला आणि मोडला. शेवटी जमला तेव्हा तो तिनं आईला दाखवला. गुणाबाईंनी वळत गेलेल्या रेघेवरून बोट फिरवलं आणि पुस्तकात तुझं नाव कुठं असतंय, एवढंच विचारलं.

काम संपल्यावर शेवटचं वाचून घेते म्हणून माधवीनं सगळ्या फायली मागून घेतल्या. मग तिचं येणं कमी झालं. परीक्षा आहेत, सासूबाईंना बरं नाही, अशी कारणं यायची. पारमितानं त्यावर शंका घेतली नाही.

पुस्तक निघालं हे तिला वर्गात कळलं. सुविधा नावाच्या विद्यार्थिनीनं ते आणलं होतं आणि त्यातलं एक गणित तिला अडलं होतं. पारमितानं पान उघडलं तर तिनंच ओळ न् ओळ बसवलेलं. तिनं मुखपृष्ठ पाहिलं. माधवीचं नाव, शेजारी तिच्या विभागप्रमुखांचं. आत आभाराच्या पानावर तळाशी, टंकलेखनासाठी मदत केल्याबद्दल पारमिताचे आभार. आणि प्रस्तावनेत माधवीनं लिहिलं होतं की निपाणीच्या वखारीतल्या बायकांचं काम पाहताना आपल्याला तंबाखूचं उदाहरण सुचलं.

सुविधाचं गणित तिनं सोडवून दिलं. तास संपवला आणि तिथून थेट पिरनवाडी गाठली.

माधवीनं दार उघडलं, चहा टाकला. ती घाबरलेली दिसली नाही, हेच पारमिताला जास्त लागलं.

"सरांचं नाव घालावंच लागलं गं. माझं प्रमोशन त्यांच्या हातात हाय," माधवी म्हणाली. "आणि प्रकाशकाला तीन नावं नको होती."

"मग माझंच काढलंस."

"तुला त्याचा काय उपयोग? तू टेम्पररी हाईस. नाव असलं काय, नसलं काय, तुझ्या नोकरीत काय फरक पडणार न्हाय."

पारमितानं विचारलं, "वखार तू कधी बघितलीस?"

चहा तसाच ठेवून पारमिता उठली.

तिनं प्रकाशकाला कळवलं, आपल्याकडच्या मूळ फायलीही पाठवल्या. ज्यांच्याशी करार झाला तेच लेखक, बाकीचं तुम्ही आपसात मिटवा, असं उत्तर आलं. वर्षभरानं माधवीचा निरोप आला. दुसऱ्या आवृत्तीत आलेख वाढवायचे होते आणि तिला आलेखांची फाइल चालवता येत नव्हती. एकदा बघशील का, असं तिनं विचारलं होतं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. मुखपृष्ठावर नाव येणार असेल तर बघते, असं पारमितानं लिहिलं. उत्तर आलं नाही. काम दुसऱ्या कुणाकडून झालं. नवी आवृत्ती तिनं दुकानात उभ्यानं चाळली. आभाराच्या पानावर आता तेवढीही ओळ नव्हती.

गुणाबाईंना तोपर्यंत तिनं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी निपाणीला जाऊन सगळं सांगितलं. पारमिताला वाटलं, आईला नावाचं वाईट वाटेल. पण त्या दुसरंच बोलल्या.

"मग आपल्यात येऊन जेवली कशाला गं ती?"

पारमिता आईजवळ बसली आणि पुस्तक बघितल्यापासून पहिल्यांदाच रडली. गुणाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि माधवीचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.