बिनचाकांची बस

चाकाखाली लिंबू फुटलं, आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच टाळ्यांत एक म्हातारी बसच्या मागच्या खिडकीतून बाहेर पडली. पडली म्हणजे तिने स्वतःला बाहेर टाकलं. मी पेढ्यांचा पुडा घेऊन मागेच उभी होते. माझ्यापासून हाताच्या अंतरावर ती मुरमावर आपटली आणि मी पुडा तसाच धरून बघत राहिले. आयुष्य गाड्यांच्या धंद्यात गेलं. अपघातातल्या गाड्यांच्या सीटवरचं रक्त धुऊन मी नवी कुशनं शिवली आहेत. पण पूजा चालू असताना, गोगलगायीच्या गतीने सरकणाऱ्या गाडीतून कुणी अशी उडी टाकेल हे मला स्वप्नातही सुचलं नसतं.

आमचं गॅरेज सुप्याला, पुणे रस्त्याच्या कडेला. आमचे हे गाड्यांच्या बॉडीचं काम करतात आणि मी आतलं बघते: सीट, कुशन, रेक्झिन, पडदे. गिऱ्हाइकांशी भांडायचं खातंही माझ्याकडेच आहे, कारण ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट सोडवण्याइतका त्रास. मला शाळेत शिकवणाऱ्या एक बाई निवृत्त होऊन नगरला राहतात. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या गॅरेजवर आल्या. नगरच्या एसटी स्टँडवर जी माणसं उघड्यावर झोपतात, त्यांच्यासाठी निवारा करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. एका कंपनीने कामगारांची ने-आण करणारी जुनी बस मोडीत काढली होती, ती बाईंनी मागून घेतली होती आणि तिची खोली करून हवी होती.

"ती चालली नाही तरी चालेल," बाई म्हणाल्या. "नुसती उभी राहिली तरी पुष्कळ झालं."

ह्यांचं तोंड कडू झालं. आमच्या गॅरेजची रीत आहे, गाडी ओढून आणलेली असली तरी जाताना स्वतःच्या चाकांवर जाते. बंद गाडी दारातून बाहेर पाठवणं म्हणजे ह्यांना उपाशी पाहुणा पाठवल्यासारखं वाटतं. "गाडी हाय ती, खोकं न्हाई," एवढंच बोलले आणि इंजिन उघडून बसले. बाईंना काय, त्या खूश झाल्या.

मीही काही कमी नव्हते. सगळ्या सीटा उपसल्या आणि दोन्ही बाजूंना झोपायचे बाक बसवून घेतले. रोज पुसता येईल असं निळं रेक्झिन लावलं, आत चांगला जाड फोम घातला आणि प्रत्येक बाकाला वेगळा पडदा दिला, बायामाणसांना आडोसा हवा म्हणून. मागची संकटकाळची खिडकी कित्येक वर्षं अडकून बसली होती. ह्यांनी ती अशी मोकळी केली की एका धक्क्यात उघडावी. आम्हाला वाटलं, आता हिला कोण नावं ठेवणार!

स्टँडच्या पाठीमागे बाईंच्या ओळखीच्या एका माणसाची मोकळी जागा होती. तिथे बस उभी केली. उद्घाटनाला बाईंनी स्टँडवरची पाच-सहा माणसं समजावून आणली, बसमध्ये बसवली, चहा-बिस्किटं दिली. त्यात ही म्हातारी होती. अंगाने काटकुळी, डोकं पांढरंशुभ्र, गाठोडं पोटाशी धरलेलं. ती सगळ्यांत मागच्या बाकावर बसली. मी पडदा कसा ओढायचा ते दाखवलं. तिने बाकावरून तळवा फिरवला.

"लई मऊ हाय," ती म्हणाली, आणि मी फुगले.

मग पूजा. आमच्या हातून तयार झालेली कुठलीही गाडी लिंबावरून गेल्याशिवाय तयार झाली असं आम्ही मानतच नाही. चारी चाकांपुढे लिंबं ठेवली, नारळ फोडला, समोर हळदीकुंकू लावलं. हे ड्रायव्हरच्या जागी बसले. उघड्या दाराने गाडी हलवायची नाही हा ह्यांचा कायदा, म्हणून सवयीने दार लावून घेतलं. इंजिन सुरू झालं, तेही असं सुरेख की ह्यांनी माझ्याकडे आरशातून पाहिलं. ही गाडी आता गाडी नाही, कुणाचं तरी घर आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आतून किंकाळी आली, मागची खिडकी एका धक्क्यात उघडली आणि पुढचं मी सांगितलंच.

दवाखान्यात तिच्या मनगटाला प्लास्टर घातलं. मला घाबरल्यावर राग येतो, ही माझी जुनी खोड. "मावशी, अहो डोकं फुटलं असतं! फूटभर सरकली असेल गाडी, तेवढ्यासाठी कुणी उडी टाकतं का?" मी तिला चांगलंच झापलं. ती खाली मान घालून बसली होती. बाई तिच्याशेजारी टेकल्या आणि काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा ती बोलायला लागली.

"आमाला आसंच बशिवलं हुतं गाडीत. च्या दिला, बिस्किट दिलं. म्हनले झोपायची सोय केलीया. मंग दार लावलं."

एका मोठ्या शहरात ही आणि हिचा नवरा कामाच्या शोधात गेले होते. काम मिळेना म्हणून फुटपाथवर राहिले. तिथे कुणी बडी असामी येणार होती. रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून माणसं उचलली. बायका एका गाडीत, बाप्ये दुसऱ्या गाडीत. गाड्या कुणाच्या, हुकूम कुणाचा, तिला आजही ठाऊक नाही. हिची गाडी घाटापलीकडे गेली आणि बायकांना रस्त्याच्या कडेला उतरवून माघारी वळली. नवऱ्याची गाडी कुठे गेली ते कुणीच सांगितलं नाही.

बाईंच्या पिशवीतून बिस्किटांचा उरलेला पुडा डोकावत होता. त्यांनी तो आत दाबला. कचरा टाकावा तशी माणसं टाकून आले, आणि गाडी चालवणारा संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल. आणि आम्ही काय केलं? तोच चहा, तीच बिस्किटं, तसंच लावलेलं दार. फक्त कुंकू जास्तीचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅक घेऊन नगरला गेले आणि बस उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवली. चाकं काढून टेम्पोत टाकली, दाराची बाहेरची कडी कापली आणि आतून लावायची नवी बसवली. ज्या माणसाला बंद गाडी बघवत नाही, त्याने जिवंत गाडी स्वतःच्या हाताने पंगू केली. मला त्यांची इतकी माया वाटली की चारचौघांत पाठीवर हात ठेवला. ते लाजले.

बाकीची माणसं हळूहळू येऊन झोपायला लागली. म्हातारी मात्र स्टँडच्या फाटकाशीच, गारठ्यात, प्लास्टरचा हात छातीशी धरून. एका सकाळी मीच तिला हाताला धरून आणलं. तिने चाकांच्या रिकाम्या जागा वाकून पाहिल्या. वर चढली, नवी कडी दोनदा लावून उघडली. आपल्या बाकावर बसली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि उठली.

"बाय, हितनं फाटक दिसत न्हाई."

"फाटक कशाला हवंय तुम्हाला?"

"आमचं ठरल्यालं हाय. कामाला गावोगाव फिरायचो आमी. चुकामूक झाली तर नगरच्या स्टँडच्या फाटकात थांबायचं. ज्यो पयला यील त्यानं हलायचं न्हाई."

आम्हाला वाटत होतं ही गाडीला भिते, म्हणून फाटकाशी पडून राहते. ही तर नवऱ्याला दिलेला शब्द पाळत होती. आणि बस फाटकासमोर न्यावी, तर चाकं सुप्याला!

"आता सांगताय हे?" मी ओरडलेच.

"तुमी इचारलं कुटं?" ती म्हणाली. रागाने नव्हे. खरंच, तिला कुठे झोपायला आवडेल एवढं विचारायचं सोडून आम्ही तिच्यासाठी सगळं केलं होतं.

फाटकासमोर एका चहावाल्याचं मोकळं अंगण होतं. त्याला मी माझ्या तोंडाने वळवलं. हे चाकं परत घेऊन आले. तिला म्हटलं, गाडी पुन्हा हलेल, भीती वाटेल, तुम्ही तोवर बाईंकडे जा. तिने नाही म्हणून मान हलवली.

"वाटंल भ्या. पर म्या म्होरं चालते, तुमी मागनं आना."

तसंच केलं. ती रस्त्याच्या कडेने पुढे, मागे वळून वळून बघत, आणि तिच्या पावलाने ह्यांची बस मागे. रिक्षावाले हॉर्न मारत होते, हे ढिम्म. तिने अंगणात एका जागी उभं राहून फाटकाकडे पाहिलं, दोन पावलं सरकली आणि पायाने जमीन दाखवली. तिथे बस थांबली. ह्यांनी पुन्हा चाकं काढली. लिंबू कुणी आणलं नाही.

बाई रंगाचा डबा घेऊन आल्या होत्या. बसच्या कपाळावर, गावाच्या नावाची पाटी असते तिथे, काय लिहावं असा त्यांचा विचार चालला होता. मी म्हटलं, मावशीच्या नवऱ्याला समजेल असं लिहा.

"त्येला वाचता येत न्हाई," म्हातारी म्हणाली. "म्या खिडकीत बसते. मला बगितलं की वळखील."

"किती वर्षं झाली हो मावशी?" मी विचारलं.

तिला आकडा सांगता येईना. तिने प्लास्टर नसलेला हात उचलून आपल्या पांढऱ्या केसांवरून फिरवला.

"तवा ह्ये काळं हुतं."

मी वर चढले आणि तिच्या बाकाची गादी फाटकाकडच्या खिडकीला लावून दिली.