सुतळी आण्णा आणि आमचं थेटर

सुतळी आण्णा घरात आले की माणसाचं तोंड बघायच्या आधी कान बघायचे. नमस्कार नाही, पाणी नाही. दारातच मान वाकडी करून समोरच्याचे कान जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते नजरेनं मोजायचे. माझ्याकडे असं टक लावून बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या म्हाताऱ्याचा डोळा माझ्या कुड्यांवर आहे. मी आत जाऊन कुड्या काढून ठेवल्या, एवढंच सांगते.

होम थिएटरच्या खोलीत समोरचे स्पीकर कुठं ठेवायचे, एवढंच त्यांचं काम. विकायचे नाहीत, दुरुस्त करायचे नाहीत, फक्त जागा सांगायची. आधी ते कोल्हापुरातल्या एका थेटरात पडद्यामागचे कर्णे सांभाळायचे. ते थेटर पाडून तिथं गाळे झाले आणि आण्णा लोकांच्या घरोघर हिंडायला लागले. खिशात टेप नाही, तीन गाठी मारलेली सुतळी. "एवढ्यासाठी माणूस बोलवायचा?" असं मी ह्यांना विचारलं होतं. ते आण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "वैनी, आवाज फेकायला कुणीबी येतंय. ठेवायला माणूस लागतोय." शिष्टपणा बघा!

आता आमच्या थेटराविषयी. ह्यांचा कागल एमआयडीसीत कारखाना आहे, आणि कारखाना चालायला लागला की पुरुषमाणसाला काय काय सुचतं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. वरच्या मजल्यावर खोली काढली. भिंती जांभळ्या, छताला चांदण्या, लोळायच्या पाच खुर्च्या. माणसं आम्ही तीन! समोरचे दोन्ही स्पीकर त्या सजावटवाल्यानं पार छताजवळ कपाटात कोंबले आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पितळी घोडा उभा केला. वर ह्यांनी स्पीकरची तोंडं दाराकडे करून घेतली. का, तर "पावणं दारात आलं की छाती हादरली पायजे!" पावण्यांची छाती हादरली, पण खुर्चीत बसलेल्याला हिरो हिरोइनीशी काय बोलतोय त्यातलं अक्षर कळेना. मारामारी मात्र खालच्या गल्लीपर्यंत ऐकू जायची. म्हणून शेवटी आण्णांना बोलावणं गेलं.

तिसरं माणूस म्हणजे मामंजी, माझे सासरे. सगळी उमर इचलकरंजीत मागावर काढली आणि म्हातारपणी आमच्याकडे आले, त्याला नऊ वर्षं झाली. विचारावं एक, सांगणार दुसरं, नाहीतर बोलणारच नाहीत. ह्यांनी निदान करून टाकलं होतं की डोकं गेलं. मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली होती आणि पुढच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला त्यांना न्यायचं नाही असंही ठरवलं होतं. चारचौघांत शोभा नको म्हणे. मी काही त्यांना वेडं समजत नव्हते. मी त्यांना माजोरी समजत होते. जेवायला बसल्यावर "भाजी वाढू का?" म्हणून दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा ओरडायचं, तरी हा माणूस ताटातून मान वर काढणार नाही. मग मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

आण्णांनी खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "थेटर हाय का तबेला?" दोन्ही घोडे उचलून त्यांनी माझ्या हातात दिले. स्पीकर खाली उतरवले, भिंतीपासून हातभर पुढं ओढले आणि कानाच्या उंचीच्या स्टुलांवर ठेवले. मग ह्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. हे फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. "साहेब, रोज बसता तसं बसा." हे आणखी ताठ. "पोट सोडा की वो! उद्या पिक्चर बघताना काय असं श्वास धरून बसणार हाय?" ह्यांनी पोट सोडलं. कारखान्यात ज्यांच्यापुढं माणसं चळाचळा कापतात, ते गृहस्थ खुर्चीत पसरले आणि आण्णांनी सुतळी त्यांच्या कानापासून स्पीकरपर्यंत नेली. कानापासून डावा, कानापासून उजवा आणि डाव्यापासून उजवा, तिन्ही अंतरं एका मापाची झाली पाहिजेत. गाठ जुळेना तर स्पीकर बोटभर सरकवायचे, पुन्हा मोजायचे. चहा आणला तर म्हणाले, "आवाज कानाला लागल्याबिगर मी चा घेत न्हाय." तीनदा गरम केला मी तो चहा. असा राग आला होता की विचारू नका.

शेवटी परीक्षा. कुणीतरी नुसतं बोलतंय असं काहीतरी लावायचं, एकेकाला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, "डोळं झाका. माणूस कुठं उभा हाय, बोट दाखवा." ह्यांनी बरोब्बर मध्ये दाखवलं. मीही मध्ये दाखवलं. डोळे उघडले तर मध्ये काहीच नाही, मोकळी भिंत. मला मनातून गंमत वाटली, पण मी ती दाखवली नाही. त्यांचा शिष्टपणा आणखी वाढला असता.

"घरात आणि कोण ऐकणार?" आण्णांनी विचारलं.

हे म्हणाले, "वडील हाईत. पण त्यांचं सोडा, त्यास्नी आता काय कळत न्हाय."

"कळतंय का न्हाय ते मी इचारलं न्हाय. कान हाईत न्हवं? बोलवा."

मामंजी आले, बसले, डोळे मिटले. बोट दाखवलं ते एकदम डावीकडं, खिडकीत. हे लगेच माझ्याकडे बघून कुजबुजले, "बघ. म्हटलं नव्हतं?" आण्णांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. खुर्ची गर्रकन फिरवली, मामंजींची पाठ स्पीकरकडे केली आणि पुन्हा बोट दाखवायला सांगितलं. आता खिडकी उजव्या हाताला होती. मामंजींनी पुन्हा डावीकडंच दाखवलं. आण्णा त्यांच्या डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काका, उजव्या कानाला काय झालं?"

मामंजींनी डोळे उघडले. म्हणाले, "धोटा लागला हुता. मागावरनं उडाला आन् हितं बसला. लई वरसं झाली."

धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडाचा तुकडा. तो उडून कानामागं लागला आणि उजवा कान कायमचा गेला. हे ओरडलेच, "मग सांगितलं का न्हाईसा?" आण्णांनी तोच प्रश्न डाव्या कानात हळू आवाजात सांगितला. मामंजी म्हणाले, "शेडात मागांच्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत न्हवतं. हातानंच बोलायचं समदी. आन् हितं आल्यावर... तुमी आधीच वैतागलेलं. त्यात आनि भैरा म्हणून कशाला सांगायचं?"

जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे मामंजींच्या उजव्या हाताला. डाव्या हाताला ह्यांचा टीव्ही कायम चालू. नऊ वर्षं मी मेलेल्या कानात ओरडत होते आणि वर त्यांना माजोरी म्हणत होते. मला तिथंच लाज वाटली. कोपऱ्यात ठेवलेले घोडे उगाच उचलून हातात धरले.

आण्णांनी सुतळी गुंडाळली आणि ह्यांना जे सुनावलं ते मी जन्मात विसरणार नाही. "साहेब, छताला चांदण्या लावल्यासा. बापाला कुठल्या बाजूनं हाक मारायची, ते ठावं न्हाय!" मग आण्णांनी स्वतःच केलेलं सगळं स्वतःच मोडलं. मामंजींची खुर्ची उजव्या टोकाला नेली, म्हणजे माणसं आणि आवाज दोन्ही त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. डावा स्पीकर आणखी पुढं ओढून त्या खुर्चीकडे तिरका वळवला. "आता बाकीच्यांना आवाज जरा वाकडा ऐकू येईल," म्हणाले, "तुमी सोसा. तुमास्नी दोन कान हाईत." चहा चौथ्यांदा गरम केला. या वेळी आलं घालून.

डोक्याच्या डॉक्टरची वेळ रद्द झाली, कानाच्या डॉक्टरची घेतली. लग्नाला मामंजी आले. मी त्यांच्या डाव्या हाताला चालले आणि कोण भेटतंय ते हळूच सांगत राहिले. मी खुर्ची बदलली, त्यामुळं आता भाजी आणायला टेबलाला वळसा पडतो. वरच्या खोलीतला डावा स्पीकर अजून तिरका आहे. सजावटवाला येऊन नाक मुरडून गेला. मुरडू दे! त्याचे घोडे मी अडगळीत टाकलेत.

आण्णा पुढं वारणानगरला लेकीकडे राहायला गेले. परवा सकाळी तिचाच फोन आला. मामंजी पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सुतळी आण्णा गेले."

मामंजींनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "कवा?"

एका हाकेला एक उत्तर. नऊ वर्षं मी एवढंच मागत होते.